लेंडीला आळी नसते

पडळवाडीच्या वरच्या आणि खालच्या आळीतल्या बंधू-भगिनींनो, साधा ताप आला तरी आटपाडीची एसटी धरावी लागणाऱ्या सर्वांनो, हे मृत्युपत्र चावडीवर मोठ्यानं वाचावं.

मी, दादासो बिराप्पा हुबाले, निवृत्त लष्करी परिचारक, राजीखुशीनं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. गावात याबद्दल मतभेद आहेत, असोत.

घर पत्नी भामाबाईला. माझी भाषणं ऐकून तिनं ते कमावलं आहे. माझा भाषणांचा कर्णा माझ्या चितेवर ठेवावा, ही तिची सूचना फेटाळतो.

शांतिसेनेतून मी आफ्रिकेत होतो. युद्धात बेचिराख झालेला देश दवाखान्यापासून उभा राहताना पाहिला. काल एकमेकांवर गोळ्या झाडणारे एकाच रांगेत खोकत होते. आपलं युद्ध जत्रेत भंडारा आधी कुणी उधळायचा यावरून झालं, आणि तह म्हणून पंचांनी आरोग्य उपकेंद्रच वाटलं. भाऊ वेगळे होताना मेंढरं वाटतात तसं: एकानं दोन कळप पाडायचे, दुसऱ्यानं निवडायचा. बाळंतपणाची खाट खाली, गादी वर. रक्तदाबाचं यंत्र वर, पट्टा खाली. लशींच्या फ्रीजमध्ये वरच्या आळीचा बिरदेव ताक थंड करतो, खाटेवर खालच्या आळीचा मोहिद्दीन डाळिंबं मांडतो. उपकेंद्राच्या शाझिया सिस्टरला दारावरची पाटी तेवढी उरली.

माझी सगळी मेंढरं उपकेंद्राला. विकायची नाहीत, रोज रात्री आळीपाळीनं दोन्हीकडच्या रानांत बसवायची. खतापोटी मिळेल ते धान्य दुरुस्तीला आणि औषधांना. हीच योजना देशासाठी दिल्लीला कळवली आहे. उत्तर नाही.

हे ऐकून बिरदेव हसला, "आण्णा, देशाचं आरोग्य लेंड्यांवर?"

मी म्हटलं, "व्हय रं. तुझी ज्वारी कशावर आली?"

"पर खालच्यांच्या रानातबी बसवायची?"

"लेंडीला आळी नसती, गड्या."

नात सृष्टीचे दिवस भरत आलेत. ती विचारते, "आज्या, मला डाळिंबांत निजवणार व्हय?" वाटणीनंतर गावातली हरणाबाई आटपाडीच्या वाटेवर जीपमध्येच बाळंत झाली. पोर वाचलं नाही. तेव्हा दोन्ही आळ्या रडल्या, वेगवेगळ्या.

पडळवाडी, ता. आटपाडी, जि. सांगली
९ जून २०२५
सही: दादासो बिराप्पा हुबाले

साक्षीदार:
१. बिरदेव लवटे, वरची आळी
२. मोहिद्दीन यासीन बागवान, खालची आळी
(दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. पेन सिस्टरनं इकडून तिकडे नेलं.)

सह्या झाल्या. बिरदेवा, मोहिद्दीन, माझ्या मरणाची वाट बघू नका. बाळंतपणाची ती लोखंडी खाट एकट्याच्यानं उचलत नाही. आत्ताच दोघं दोन टोकं धरा आणि उपकेंद्रात नेऊन ठेवा.