बेंबीतली मुंगी

कालि, ३ ऑगस्ट

चि. नीवेस हिला ताईचे अनेक आशीर्वाद, आणि उत्तर न दिल्याबद्दल लांबूनच एक चिमटा.

मी गाव सोडलं त्या दिवशी धक्क्यावर उभी राहून आई म्हणाली होती, ही जाईल आणि ती राहील, आग्रिपिनाने बेंबीतच तसं भरलंय. तू तेव्हा माझ्या खांद्याला लागत होतीस आणि माझी पिशवी सोडायला तयार नव्हतीस. आज सकाळपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. माझी नाळ पडली तेव्हा आग्रिपिनामावशीने बेंबीत चिमूटभर सोन्याची भुकटी घातली. तुझ्या वेळी जहरी डसणारी कोंगा मुंगी भाजून, वाटून घातली. सोनं लाभलेली मी शहरात येऊन दिवसभर बायकांच्या वेण्या घालते. मुंगी लाभलेली तू मात्र कुणालाही डसायला तयार. अख्खं गाव तुला पुढे करतं आणि म्हणतं, नीवेसला भीती ठाऊक नाही.

काल रेडिओवर खालच्या गावच्या आपोलिनारची बातमी ऐकली. दारात जाळं दुरुस्त करत बसला होता, तिथेच गोळ्या घातल्या. नदीतून सोनं उपसणाऱ्या यंत्रांविरुद्ध तोच बोलत होता ना? जूनमध्ये पेपरात आलेल्या फोटोत तू त्याच्या शेजारी बसलेली आहेस, डोक्याला निळा रुमाल बांधून. माझ्या हातात एका बाईची अर्धी वेणी होती. ती म्हणाली, अगं बाई, दुखतंय, केस आहेत की दोरखंड? तेव्हा कळलं की मी तिचे केस मुठीत घट्ट धरून उभी आहे.

किब्दो शहरात यंत्रांबद्दल जी सुनावणी आहे, तिथे आता आपोलिनारच्या जागी तू बोलणार, असं बाजारात ऐकलं. खरं का? गावात दुसरं तोंड नाही का कुणाला? बोलू दे की आणखी कुणीतरी. मी काही फार मोठं मागत नाही.

मावशीला नमस्कार, तुझ्या धर्मलेकीला पापा. माझ्यावर माया ठेवतेस तशीच जरा स्वतःवरही ठेव.

तुझी,
एउलालिया

सान ओनोरिओ, १९ ऑगस्ट

ति. ताईस तिच्या मुंगीचा सा. न. वि. वि.

चिमटा पोचला. टपाल नेणाऱ्या क्लेमेन्तेच्या होडीचं इंजिन बिघडलं होतं, म्हणून उत्तराला उशीर.

आधी बरं ते सांगते. मावशीचे गुडघे सोडले तर तिचं सगळं शाबूत आहे. माझी धर्मलेक आता तिच्या एम्बेरा भाषेत मला शिव्या शिकवते आणि मी चुकले की लोळून हसते. तिची आई लिसिनिया म्हणते, कोमाद्रे, तू आमची भाषा बोलतेस की घशात काटा अडकलाय? बाप्तिस्म्याला मी पोरीला हातावर घेतलं तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे, आणि या बाईला मला टोचायचा परवानाच मिळालाय.

आता नदी. तामुंदो तू सोडलीस तेव्हा तळाचे दगड दिसायचे. आता ती ढवळलेल्या चॉकलेटसारखी वाहते. यंत्रं रात्रंदिवस तळ उपसतात, सोन्यासाठी पारा ओततात. मासा मिळाला तर खावा की नाही कळत नाही. पोरांच्या अंगावर खाजेचे चट्टे. ही जमीन आपल्या सगळ्यांच्या नावावर आहे, कुणा एकाच्या नाही, आणि वरच्या अंगाची लिसिनियाच्या लोकांच्या नावावर. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही. यंत्रवाले आपल्याला सांगतात, ते रानटी तुमची जमीन खातील. तिकडे जाऊन सांगतात, ते काळे तुमची नदी पळवतील. लिसिनिया त्यांना म्हणाली, बाबांनो, हिच्या आजीने माझ्या आईचं बाळंतपण केलं, पळवायचंच असतं तर तेव्हाच नाही का आम्हाला पळवलं?

सुनावणीसाठी कचेरीने कळवलं की काळ्यांनी मंगळवारी यावं, आदिवासींनी गुरुवारी. आम्ही कळवलं की नदी एकच आहे, आम्ही एकाच दिवशी, एकाच बाकावर बसू, आणि एम्बेरातून सांगणारा दुभाषी लागेल, कारण लिसिनियाचा बाप स्पॅनिशमध्ये गप्प बसतो आणि स्वतःच्या भाषेत वकील असतो. महिनाभर भांडलो. मग ते कबूल झाले. म्हणून मी बोलणार आहे, ताई. पंधरा सप्टेंबरला. दुसरं तोंड होतं, पण ते दोन आठवड्यांपूर्वी पुरलं.

सरकारने मला संरक्षण दिलंय, तेही ऐक. एक फोन आणि एक गोळ्या अडवणारं जाकीट. फोनला इथे रेंज नाही. जाकीट इतकं जड की होडी उलटली तर मी सगळ्यांच्या आधी तळाला.

आता जे लिहायला बसले ते. सोमवारी पहाटे दार उघडलं तर चौकटीवर काळं फुलपाखरू खिळलेलं होतं. कापडाचं. मयताच्या नवव्या रात्री पांढऱ्या चादरीवर मधोमध लावतात तेच, तसंच. पंख पसरलेले. माझ्या घरात कुणी मेलेलं नाही.

ताई, बाहेरचा माणूस चिठ्ठी टाकेल, दारात गोळी ठेवेल. त्याला फुलपाखरू काय माहीत? ते लावणारा हात आपल्यातला आहे. त्याने आपल्याबरोबर मयताची गाणी म्हटली आहेत. तेव्हापासून मी सगळ्यांच्या हातांकडे बघते. शेजारणीने मासळीचं कालवण पाठवलं, मी ते मागच्या दारी ओतलं. आणि मग रडले, कारण तिने त्यात माझ्या आवडीचा नारळ घातला होता.

मावशीला काही बोलले नाही. तिला सोसणार नाही.

तुझा लोभ आहेच, तो या दिवसांत जरा वाढव.

नीवेस

कालि, २७ ऑगस्ट

चि. नीवेस, अनेक आशीर्वाद, असतील नसतील तेवढे सगळे.

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग जमिनीवर बसले. दुकानाचं दार दिवसा लावून घेतलं. बाहेर गिऱ्हाईक ठोठावत होतं, चोंटादुरोची फळं विकणारी ओरडत होती, आणि मी खुर्चीमागे लपून बसले होते, जणू दारात ते माझ्याच आलेत.

इकडे ये. आज निघ. माझ्याकडे एक खोली आहे आणि आरसे तीन. पडून राहा, आरशात बघ, काहीही कर. इथे कुणी तुला ओळखत नाही. इथे बसमध्ये आपल्या शेजारी कुणी बसत नाही, दुकानात रखवालदार मागे मागे फिरतो, पण नाव घेऊन शोधत कुणी येत नाही. मी इतकी वर्षं याच सोयीत जगले.

आता एक विचारते, घाईने उत्तर देऊ नकोस. ते कापड हातात घेऊन उन्हात बघ. काळंच आहे, की त्यात बारीक उभ्या चमकत्या रेघा आहेत? डिसेंबरमध्ये मी मावशीला स्कर्टसाठी तसलं कापड पाठवलं होतं. इथल्या गल्लीतल्या सिरियन माणसाकडचे शेवटचे दोन वार. तसं कापड तुमच्या नदीवर दुसऱ्या कुणाकडे असेल असं वाटत नाही.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. जन्म घेणाऱ्याला झेलणारे सुईणीचे हात मयताचं काही शिवत नाहीत. आईच्या वेळीसुद्धा मावशी वेदीपासून लांब, पडवीत बसली होती. म्हणून तिच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनात येणार नाही, माझ्याही आलं नव्हतं. कुणी तिचं कापड चोरलं असेल. तेच असू दे, असं मी म्हणतेय, आणि मग वाटतं, हे कसलं मागणं! चोर असला तर तो तुझा वैरी, मावशी असली तर वैरी तरी नाही.

विचारलंस तर तिच्याशेजारी बसून विचार. समोर उभी राहून नको.

काळजीने अर्धी झालेली,
ताई

सान ओनोरिओ, ४ सप्टेंबर

ति. ताईस सा. न. वि. वि.

रेघा आहेत.

मी तिच्याशेजारी बसले. ती कच्ची केळी सोलत होती. मी फुलपाखरू तिच्या मांडीवर ठेवलं. ती म्हणाली, हे काय घाणेरडं आणलंस घरात, टाक ते. मग आणखी दोन केळी सोलली. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, डावा पंख जरा आखूड झाला, अंधारात नीट दिसत नव्हतं गं.

ताई, मला तिला मारावंसं वाटलं. मी ओरडले की म्हातारे, मी रात्रभर दाराला ओंडका लावून बसते, कुणाच्या घरचं खात नाही, आणि तू शिवत बसलीस? ती म्हणाली, तू घाबरून गप्प बसशील असं वाटलं होतं. आपोलिनारलाही मीच झेललं होतं, एक गेला, दुसरा नको. नदी गेली तर गेली, नदीला काही मी झेललेलं नाही.

मी म्हटलं, मुंगी घातलीस ना माझ्या बेंबीत, मग मी घाबरणार कशी? तेव्हा ती डोक्याचा पांढरा रुमाल तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. मुंगी नव्हतीच. मी जन्मले तेव्हा नदी चढलेली, रानात जाता येईना, वारुळं बुडालेली. आईला मुंगीच हवी होती. मावशीने चुलीतली राख घातली आणि सांगितलं, मुंगी आहे.

राख, ताई! शाळेत साप निघाला तर मला पुढे करायचे. शिपाई आले तर मला पुढे करायचे. आणि मी जायची, पोटात गोळा घेऊन, आणि समजायची की हा गोळा म्हणजेच ती मुंगी चावतेय. आधी मी खूप हसले. मग रात्री अंथरुणात पडल्यावर इतकी भीती वाटली की तशी आजवर वाटली नव्हती. आतापर्यंत आत कुणीतरी होतं सोबतीला.

मावशी आता हात कपड्यात गुंडाळून बसते. म्हणते, हे हात बाटले, आता मूल झेलायचं नाही. लिसिनियाच्या भावजयीचे दिवस भरलेत. लिसिनिया आली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, आग्रिपिना आजी, फुलपाखराचा नियम तुमच्या लोकांचा, बाळ आमच्या लोकांचं. चल, हात धू आणि ऊठ. मावशी अजून उठलेली नाही, पण कपडा सोडलाय.

वाटलं होतं की पत्र इथे संपवता येईल. बुधवारी एका होडीतून दोन माणसं आली. जाळं नाही, गळ नाही, बूट कोरडे. दुकानात बसून सरबत प्यायले आणि विचारलं, ती बोलणारी बाई कुठे राहते? दुकानदारीण म्हणाली, ती का, ती गेल्या वर्षी साप चावून मेली, बिचारी. ते हसले. म्हणाले, मग तिचं भूत किब्दोला भेटेलच, धक्क्यावर. पैसे देऊन गेले. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही.

मावशीचं फुलपाखरू मी जपून ठेवलंय. त्याची आता मुळीच भीती वाटत नाही, उलट ते बघून बरं वाटतं.

आम्ही चौदाला निघू, तीन होड्या, आपले आणि एम्बेरा मिसळून बसणार. जाणाऱ्या सगळ्या बायकांच्या हातांवर लिसिनिया जाग्वाच्या फळाची काळी नक्षी काढतेय, तिच्या आजीने दिलेली, राखण करणारी. माझ्या हातावर काढताना कुरकुरली की तुझ्या कातडीवर माझी शाई दिसतच नाही, फुकट जाते. मी म्हटलं, दिसू नये अशीच काढ, कुणाला सांगायचंय? दोन आठवडे ती जात नाही म्हणे. मी मनात म्हटलं, दोन आठवडे पुष्कळ झाले.

मी येणार नाही तुझ्याकडे. रागावू नकोस. मला घर सोडायला भीती वाटते आणि थांबायलाही. मग निदान आपल्या माणसांत असावं. तिथे उभी राहिले की आवाज फुटेल की नाही तेच कळत नाही.

फुटला नाही तरी माया कमी करू नकोस.

नीवेस

कालि, १० सप्टेंबर

माझ्या नीवेसला ताईचे आशीर्वाद.

हे पत्र क्लेमेन्तेच्या बहिणीच्या हातून पाठवतेय, तुम्ही निघायच्या आत पोचेल. दुकानाला कुलूप लावलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, बहिणीकडे लग्न आहे. त्या म्हणाल्या, मग इतकी फिकी का पडलीस? मी म्हटलं, नवरा मुलगा बरा नाही.

मी उद्याच्या बसने निघतेय. तुझी समजूत घालायला नाही, तो हट्ट मी सोडला. तुझ्यात मुंगी आहे असं समजत होते तोवर मला तुझा राग यायचा. वाटायचं, हिला काय, हिला भीतीच नाही, भीती सगळी माझ्या वाट्याला ठेवून ही मिरवते. राखेचं वाचल्यापासून राग गेला आणि मी दिवसभर तुझे ते हात डोळ्यांसमोर आणते, ओंडका लावणारे. आपण दोघी सारख्याच घाबरट निघालो. माझ्या बेंबीत खरंच सोनं होतं का, ते मावशीला विचारू नकोस. राहू दे तेवढं.

तिला एवढंच सांग की स्कर्टचं कापड मी पुन्हा शोधीन. आणि ते बाळ तिने झेललं का, ते मला होडीत बसल्या बसल्या सांग.

किब्दोच्या अलीकडे लाकडाच्या वखारी आहेत, तिथल्या काठावर मी चौदाच्या दुपारपासून उभी असेन. मला होडीत घ्या. लिसिनियाला सांग, शाई शिल्लक ठेव, आणखी एक काळी कातडी येतेय फुकट घालवायला.

आता मागणं. तू मोठी झाल्यावर मी गावी यायचे तेव्हा सगळे म्हणायचे, लांबून आपण दोघी एक दिसतो. आई तर पाठमोरी बघून तुझ्या नावाने मला हाक मारायची. त्या माणसांनी तुला फोटोतच पाहिलंय, निळा रुमाल डोक्याला बांधलेली. तुझा तो निळा रुमाल मला दे. तू मावशीचा पांढरा बांध, मधल्या होडीत बस, म्हाताऱ्या बायकांत, मान खाली घालून. पहिल्या होडीतून मी उतरेन. धक्का लांब नाही, मी तो पन्नास वेळा चढलेय. वर कचेरीच्या दारात पोचलीस की रुमाल परत घे, बाकावर बस आणि बोल. तिथलं बोलणं तुझंच आहे, ते मला जमायचं नाही. मला फक्त तेवढ्या पायऱ्या दे.

तू वाचता वाचताच नाही म्हणाली असशील. मला ऐकू आलं. तरीही मागते, नीवेस: मला तुझ्याआधी उतरू दे.

तुझी,
ताई