तिघांना जमेल अशी वेळ

मेलबर्न, ३ फेब्रुवारी

चि. सजीस, तुझ्या ताईचे, एलिचेचीचे अनेक आशीर्वाद.

ईमेलवर एवढं लांब पत्र बघून दचकू नकोस. घरच्या व्हॉट्सॲप गटावर काही लिहिलं की आपला थोरला भाऊ पोथच्चायन सगळ्यांच्या वतीने अंगठ्याचं चित्र टाकतो आणि विषय मिटतो. म्हणून हे तुला एकट्याला.

आपल्या बैठकीचं काय झालं रे? अप्पच्चन गेले तेव्हा अम्मच्चीने आई म्हणून आपल्याकडे एकच गोष्ट मागितली होती. घराचं किंवा तिचं काही ठरवायचं असेल तर आपण तिघा भावंडांनी एकत्र, तिच्यासमोर बसून सांगायचं, मग ती मुकाट ऐकेल. जणू आपण तिघं एकाच गल्लीत राहतो! पोथच्चायन दुबईत, तू टोरंटोत, मी इथे. तिकडे केरळात, रान्नीच्या घरी अम्मच्चीची संध्याकाळची प्रार्थना सुरू होते तेव्हा तुझा सकाळचा चहा आणि माझी मध्यरात्र. मी जागून व्हिडिओवर यायलाही तयार होते. पण पोथच्चायन म्हणाला की एलि, तुझी पहाटेची ड्यूटी, झोपेत पेशंटला भलतंच इंजेक्शन टोचशील, त्यापेक्षा तू शनिवारी दुपारी बोलत जा. आणि रविवारची प्रार्थना, सजी, तुझ्या वाट्याला. म्हणजे तू आणि मी अम्मच्चीसमोर एकत्र येतच नाही. दोन्हीकडे असतो तो फक्त पोथच्चायन.

मी सुचवलेली प्रत्येक वेळ कुणाला तरी अडचणीची निघते, आणि अडचण सांगतो तोच. गेल्या महिन्यात शनिवारी तू खरंच कामावर होतास का?

अम्मच्ची बरी दिसते. पण पूर्वी फोन हातात घेऊन कोंबड्या दाखवायची, फणसाला कितवा फणस लागला ते दाखवायची. हल्ली येशूच्या तसबिरीसमोर बसते ती हलत नाही. मी म्हटलं, जरा अंगण दाखव. तर म्हणाली की अंगणात काय बघायचंय, तू जेवलीस का ते सांग.

थंडीत टोपी घालत जा, केस तसेही उरलेत किती! तुझा लोभ आहे हे मला ठाऊक आहे, पण तो उत्तर लिहून दाखव.

तुझी,
एलिचेची


टोरंटो, ११ फेब्रुवारी

ती. एलिचेचीस, सजीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

माझ्या टकलाची चौकशी पोचली. आभारी आहे.

शनिवारी मी घरीच होतो, लोळत होतो. पोथच्चायनने मला सांगितलं होतं की एलिला जमत नाही, ती फार दमलेली असते. पण चेची, तू एकदम पोलिसात भरती झाल्यासारखं बोलू नकोस. आपण फोनवर प्रार्थना म्हणतो आणि सुटतो. दर दोन महिन्यांनी विमानात बसून रान्नीला जातो तो तोच. वेळा जुळवताना त्याचीही गल्लत होत असेल. मला तर तुझ्याकडे आज आहे की उद्या, हेच अजून कळत नाही.

प्रार्थना अगदी पूर्वीसारखी होते. संपली की धाकटा म्हणून आशीर्वादासाठी मी आधी ‘स्तुती’ म्हणतो, आणि ती फोनवर तळहात टेकवते, माझ्या डोक्यावर ठेवल्यासारखा. तेवढ्यासाठी मी रविवारी लवकर उठतो, कुणाला सांगू नकोस.

एक मात्र खटकलं. परवा प्रार्थना संपता संपता मागे घंटा वाजली आणि ती लगबगीने उठली. म्हणाली की रात्रीच्या जेवणाची कंजी वाढतील आता. मी पोथच्चायनला विचारलं, आपल्याकडे घंटा कधीपासून? तो हसून म्हणाला की देवळातली असेल. चेची, देऊळ नदीच्या पलीकडे आहे ना?

भावोजींना नमस्कार. माझ्यावर चिडून का होईना, लिहीत राहा.

तुझा,
सजी


मेलबर्न, २५ फेब्रुवारी

चि. सजीस अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितेय. देवळातली घंटा आपल्या घरात कधी ऐकू आली नाही, नाताळलासुद्धा नाही.

मी थंकम्माला फोन लावला. आपल्या लहानपणापासून स्वयंपाक करतेय ती, तिला काय लपवायचंय? पण नंबर बंद. पोथच्चायनला विचारलं तर म्हणाला की ती मुलीकडे राहायला गेली. मग अम्मच्चीला कंजी कोण देतं? तर म्हणे, व्यवस्था केली आहे, तू दुरून माझा जीव खाऊ नकोस. आणि "वाढतील" म्हणजे कोण वाढतील रे? त्या घरात ती एकटी.

गेल्या रविवारी मी मध्यरात्री बसतेच म्हटलं होतं, तर त्याने मला कॉलचा दुवाच पाठवला नाही. विसरला म्हणे. या रविवारी डोळे उघडे ठेव.

काळजीत असलेली तुझी,
एलिचेची


टोरंटो, ९ मार्च

ती. चेचीस, शि. सा. न. वि. वि.

लिहिण्यात चुका असतील, पोटात घाल.

आज आमच्याकडे घड्याळं एक तास पुढे गेली. दरवर्षी जातात, दरवर्षी माझा काहीतरी घोळ होतो. ओव्हनवरच्या घड्याळाची वेळ रात्री हौसेने बदलून ठेवली होती, पण रान्नीची प्रार्थनाही आता आमच्या घड्याळात तासाने पुढे सरकली, हे डोक्यातच आलं नाही. नेहमीच्या वेळेला बसलो आणि तासभर आधीच जाऊन पोचलो. पोथच्चायन अजून आलेला नव्हता. तिकडचा फोन मात्र चालू होता, बहुधा कुणी आधीच लावून ठेवला होता.

चेची, समोर हिरवी भिंत होती. आपल्या घरात हिरवी भिंत नाही. एक तरुण नन स्टुलावर चढून आपली येशूची तसबीर खिळ्याला अडकवत होती. आपलीच, कोपरा जळलेली. खाली ओळीने लोखंडी खाटा. मग तिने अम्मच्चीला दंडाला धरून आणलं, खुर्चीत बसवलं, फोन असा वळवला की खाटा दिसेनाशा झाल्या, फक्त तसबीर आणि अम्मच्ची. अम्मच्चीने तिला विचारलं की आता नीट दिसतं ना, मुलांना वाईट नको वाटायला.

मी कॅमेरा बंद केला होता. बोलायला हवं होतं. मी बाहेर पडलो आणि प्रार्थनेच्या वेळी पुन्हा गेलो, नेहमीसारखी स्तुती म्हटली. पोथच्चायन म्हणाला की आज घर कसं छान दिसतंय.

मी काय करू, सांग.

तुझा,
सजी


रान्नी, १४ मार्च

चि. सजीस अनेक आशीर्वाद.

मी तुला न सांगता निघाले, पोथच्चायनला तर नाहीच. मला ताप आहे असं त्याला कळवलंय, म्हणजे उद्याच्या शनिवारची वाट तो बघणार नाही.

घर गेलं, सजी. फाटकावर दुसऱ्याच माणसांचं नाव आहे, फणस तोडलाय. त्या घरातल्या बाईंनी मला पाणी दिलं आणि कुणाकडे आलात म्हणून विचारलं. मी पाणी पिऊन निघाले. थंकम्मा बाजारात भेटली, गळ्यात पडून रडली. तिनेच तिरुवल्लाच्या रस्त्यावरच्या नन्सच्या आश्रमात नेलं.

नन्स भल्या आहेत. तसबीर लावायचं पोथच्चायननेच सांगितलं होतं, दूरच्या मुलांना बरं वाटावं म्हणून. अम्मच्चीने मला बघितलं आणि आधी विचारलं की जेवलीस का. मग मी विचारलं, आम्हाला एका शब्दाने का सांगितलं नाहीस? तर तीच गोंधळली. म्हणाली की तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तिघांनीच तर बसून ठरवलंत. पोथनने येऊन सांगितलं की बैठक झाली, एलि आणि सजी दोघंही होते. तिने घर विकायच्या कागदांवर ताबडतोब सही केली. तिघं एकदाचे एकत्र बसले, याचाच तिला केवढा आनंद झाला होता! मग फोनवर आपण कुणी तो विषय काढेना, तेव्हा तिला वाटलं, पोरांना माझ्यासमोर बोलायची लाज वाटते. म्हणून तीही गप्प राहिली. आपली लाज राखायला ती त्या तसबिरीखाली बसत होती रे.

मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले. आता रडायचं संपलं.

परवाच्या रविवारी वेळ नीट बघून ये, नव्या घड्याळाने. पोथच्चायन येईल, त्याला काही माहीत नाही. मी तसबीर उतरवून ठेवणार आहे आणि त्या भिंतीशी अम्मच्चीला चिकटून मी बसेन. तिने आत्तापासून चट्टा-मुंडूचा पांढरा पोशाख धुऊन ठेवलाय, तिन्ही मुलं एकदम दिसणार म्हणून.

ती बैठक झालीच नव्हती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. असलं काही तिघांनी एकत्र, तिच्यासमोर बसूनच सांगायचं, असं तिचं म्हणणं होतं.

येच, सजी. लोभ, राग, जे काय असेल ते त्या दिवसासाठी राखून ठेव.

तुझी,
एलिचेची