आडवा रावजी, उभा भिकाजी

१५ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सूनबाई वेदिका लिहिणार. मी पाटी कधी धरली नाही. ही वही कुणी वाचायची नाही. मी तर नाहीच.
मंडळाचा रितेश शिमग्याचं पत्रक छापतोय. पेपरातलं शब्दकोडं वाचून दाखवलंन. सगळी फेमस नावं, फिरवून लपवलेली. मी अंगणात चौकोन आखले, एका अक्षराला एक चिंचोका, आणि त्याच्याआधी सोडवलं. म्हणाला, आजी, एक तुम्हीच करून द्या. संकल्प: असं कोडं करायचं की वाडीने नाव काढलं पाहिजे.

१८ फेब्रुवारी, बुधवार
कोडं तयार. फेमस नावं पुराणातली, उत्तरं वाडीतली. ‘कुंभकर्ण, पालखीचा दांडा खांद्यावर असतानासुद्धा. तीन अक्षरं.’ आडवा रावजी. ‘हरिश्चंद्र, शपथ घेईपर्यंत. तीन अक्षरं.’ उभा भिकाजी. ‘नारद, वीणा टाकून मोबाइल घेतलेला. दोन अक्षरं.’ आमचा गुरव, धोंडू.
रावजी आणि भिकाजी दोघे मानकरी. पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून नऊ वर्षं बोलत नाहीत. त्यांचा शेवटचा ‘जी’ मी एकाच चौकोनात बसवला. बसा आता मांडीला मांडी लावून.
वेदिका म्हणाली, आई, नको, लोकांना लागेल. मी म्हटलं, शिमग्यात कुणीही कुणाची उडवावी, राग धरायचा नाही, ही रीत आहे. पन्नास वर्षं होळीच्या होमापुढे मी रावजीला कुंभकर्ण म्हणत आल्ये. सगळ्यात मोठ्याने तोच हसतो.
वेदिकाचं सगळं लक्ष यंदा पालखीत. सानवीचा पहिला शिमगा. लग्नानंतर सहा वर्षांनी झालेलं पोर. पालखी घरी आली की देवीच्या पायाशी ठेवीन, असा तिचा नवस.

२३ फेब्रुवारी, सोमवार
पत्रक आलं. दोनशे प्रती. रितेशने मोबाइलवरही सोडलंन. मुंबईपासून मस्कतपर्यंत गेलं म्हणे. कोड्याखाली माझं नाव. वेदिकाने बोट ठेवून दाखवलं.
विहिरीवर बायका माझ्याबद्दलच बोलत होत्या. मी गेले तर गप्प. मोठ्या माणसासमोर जीभ वळत नाही बायकांची.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
धोंडू दारावरून गेला, मान खाली. मनात कोडं सोडवत असेल.
रावजीच्या सुनेने आमचं पातेलं परत केलं. न मागता. पायरीवर ठेवून गेली, हाक मारली नाही. वाडीत भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान गुळाचा खडा तरी घालतात. हे रिकामं होतं. घाईत असेल बिचारी.
मिरकरवाड्याची साबेरा मासळी घेऊन आली. तिला विचारलं, वाडी काय म्हणते गो? म्हणाली, आजी, तुमचं नाव काढलं की लोक बांगड्याचा भाव विचारतात. म्हणजे नाव निघतंय. ते महत्त्वाचं.

२८ फेब्रुवारी, शनिवार
मोठी बातमी. रावजी आणि भिकाजी देवळात एका बाकावर! एकाच डबीतला तंबाखू. नऊ वर्षं कुणाला जमलं नाही ते माझ्या एका चौकोनाने केलं. वेदिका म्हणते, बोलत काय होते ते आधी कळू दे. ही पोर आनंदालाही घाबरते.
निश्चय: सत्कार केलाच तर नारळ घ्यायचा, लुगडं घ्यायचं, भाषण थोडक्यात.

१ मार्च, रविवार
काल देवळात बैठक झाली. आम्हाला निरोप नव्हता. सत्काराचं असं आधी सांगत नाहीत. पालखीच्या घरांची यादी वाचली म्हणे. आमचं सातवं घर, माझ्या सासऱ्यांपासून. वेदिका रितेशला विचारायला गेली. परत आली ती सानवीचं झबलं घेऊन बसली. टाका घालते, उसवते, परत घालते.
शेवटी मीच रावजीकडे गेले. पाणी विचारलं नाही. बसलाही नाही.
“वहिनी, तुम्ही बोललात ते पन्नास वर्षं होमात जळलं. हे जळत नाय. माझ्या नातीच्या सासरी मोठ्याने वाचलं लोकांनी. ती जेवली नाय दोन दिवस.”
मी म्हटलं, अरे, दरसालचीच तर थट्टा.
“लिहिल्यावर काय होतं, ते तुम्हाला काय ठाऊक.”
तापलाय. होम पेटला की निवेल.

४ मार्च, बुधवार
होम झाला. आमच्या घरची प्रत मी आगीत टाकली, सगळ्यांना दिसेल अशी. वेदिका हळूच म्हणाली, आई, बाकीच्या घरोघर आहेत, आणि मोबाइलमधली कशी जाळणार? मी रावजीला नेहमीसारखी कुंभकर्ण म्हणून हाक मारली. ढोल थांबले. कुणी हसलं नाही. मग ढोल परत सुरू झाले.
माझा दीपक मुंबईहून आला, लेकीसाठी रजा टाकून. पालखी परवा. अंगण सारवून झालं. देवीचा मार्ग माणसं थोडीच बदलतात? पालखी येणारच.

६ मार्च, शुक्रवार, सकाळी अकरा
ढोल सहाव्या घरी. खणानारळाचं ताट तयार. दीपक सानवीला घेऊन उंबऱ्यात. त्याला म्हटलं, बघ आता.

६ मार्च, दुपारी साडेबारा
ढोल आठव्या घरी.

७ मार्च, शनिवार
काल वेदिकाने ताट उचललं, सानवीला कडेवर घेतलं आणि आठव्या घरच्या अंगणात गेली. दीपक मागोमाग. मला कुणी चला म्हटलं नाही. तिथे तिला वाट दिली म्हणे. भिकाजीने स्वतः पोर उचलून देवीच्या पायाशी ठेवलं. रावजीच्या डोळ्यांत पाणी होतं, असं दीपक सांगतो. मी उंबऱ्यात बसून ढोल ऐकले.
आज म्हटलं, वेदिका, ही वही पहिल्यापासून वाचून दाखव. तिने वाचली. एक शब्द गाळला नाही, आवाज चढवला नाही.
ऐकून म्हटलं, ते सत्काराचं पान फाडून टाक.
तिने वही माझ्यापुढे केली. म्हणाली, “तुम्हीच फाडा, आई.”
मी पानं उलटत राहिले. त्यातलं ते कुठलं, कळेना.