सुईचा तोल

४ फेब्रुवारी

आज परत बेल्टच. बेल्ट बदल, मोटर पूस, झाकणावरचे ओरखडे घास. आर्मचं काम आलं की म्हातारा माझ्याकडे पाठ करून बसतो, जशी काही तिजोरीच उघडतोय. आर्म म्हणजे काय, तर रेकॉर्ड प्लेअरची सुई धरणारा दांडा. पुढे सुई, मागे वजन, मधे तोल. पण ज्याला हे येतं तो मेकॅनिक, नाही येत तो पोऱ्या. घरदार सोडून इतक्या लांब आलो आणि अजून पोऱ्याच.

५ फेब्रुवारी

आईचा फोन. "मालकांनी आर्मला हात लावू दिला का रे?" हो म्हणालो. काय करू?

९ फेब्रुवारी

निघालं एकदाचं म्हाताऱ्याच्या तोंडून — "नर्सबाईंचा प्लेअर तू कर. आर्मसकट." मी बघतच राहिलो. "बघतोस काय? चावत नाही तो."

मशीन जुनं, पण सुई कोरी, महागाची. जिवापाड जपली. मागचं वजन केसाकेसानं फिरवत आणलं, तेव्हा कुठे आर्म हवेत आडवा तरंगला, तराजूच्या दांडीसारखा. मग वजनावरचा आकडा फिरवून सुईला भार दिला. एक गाणं लावून पाहिलं. वाजलं. म्हातारा लांबूनच "हं" म्हणाला. त्याच्या लेखी ही शाबासकी.

आईला फोन केला, आज आर्म केला म्हणून. ती म्हणाली, "मग परवा काय केला होतास?"

१३ फेब्रुवारी

नर्सबाई रेकॉर्ड छातीशी धरून आल्या. सुई उड्या मारत गेली म्हणे, रेकॉर्डवर आडवा चरा. त्या रेकॉर्डमध्ये मागे गाणाऱ्यांत त्यांची बहीण आहे. बहीण आता नाही. रेकॉर्डही दुसरी मिळायची नाही. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "बाई, चूक माझी. शेवटचा हात मीच फिरवला होता."

म्हणजे मी खोलीवर गेल्यावर यानं वजन हलवलं!

१४ फेब्रुवारी

शिकवायचं नाही, आणि शिकलाच तर टिकू द्यायचं नाही. माझं पहिलंच काम, त्यातही बोट घातलं. विचारलं तोंडावर — "का हलवलंत?" तर म्हणे, "आधी पाणी पी." जखमेवर मीठ चोळायची रीत तरी बघा.

१६ फेब्रुवारी

माझ्या खोलीतला जाड्या गोदामात खोकी उचलतो. म्हणाला, "ये की आमच्याकडे. खोक्याला तोल लागत नाही, पाठ लागते." हो म्हणून टाकलं.

म्हाताऱ्याला सांगितलं, सोडतोय. वर हेही ऐकवलं — "खोटारड्या माणसाच्या हाताखाली मेकॅनिक होण्यापेक्षा हमाली बरी." तो चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "बरं. जाण्याआधी तेवढं एक मशीन करून जा. मी मधे येत नाही." शेवटच्या दिवशीही फुकट सोडायचा नाही हा माणूस.

१७ फेब्रुवारी

मशीन तसलंच, सुई तशीच कोरी. आर्म तोलला. आडवा तरंगला, अगदी त्या दिवसासारखा. मग सुईवरची प्लास्टिकची टोपी काढली. आर्मचं तोंड वर गेलं, मागचं वजन खाली बसलं.

टोपीसकट तोललं होतं मी. सुईला धक्का लागू नये म्हणून. त्या दिवशीही तसंच, टोपी काढली ती थेट गाणं लावताना. टोपी गेली की सुई हलकी, आणि हलकी सुई उड्या मारते. वजनाला माझ्यानंतर कुणाचा हात लागलाच नव्हता.

मालकांनी मान वर केली नाही. दारात जाड्या उभा. "चल लवकर, मुकादम थांबलाय."