कोपऱ्यातला साठ किलोचा बार

२४ जून १९९६, सोमवार. संध्याकाळी ७.
आजपासून डायरी. मराठीत लिहिणार, म्हणजे घरात सेफ. मुलगी निशिगंधा बी.एस्सी.ला आहे, पण मराठी वाचताना जोडाक्षर आलं की ब्रेक लागतो. तिच्या आईला वाचता येतं, पण जयवंताने माझं अक्षर लग्नाआधीच्या पत्रांनंतर पाहिलेलं नाही.
रेकॉर्डसाठी: केशवराव, वय सत्तेचाळीस, ऑफिस सुपरिंटेंडेंट, मुक्काम तारनाका, दुसरा मजला, लिफ्ट नाही.
कारण: सकाळी गॅसवाला सिलिंडर खालीच ठेवून गेला. मी कोणाला बोलवावं याचा विचार करत होतो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा विवेक खाली आला. पुण्याचा आहे, इथे कॉम्प्युटर कंपनीत अमेरिकेचं काम करतो. त्याने सिलिंडर खांद्यावर घेतलं आणि दोन जिने चढून आला. वर विचारतो, काका, कुठे ठेवू?
काका!
जयवंता म्हणाली, बाई, काय ताकद आहे. आणि त्याच्या दंडाकडे बघितलं. किती वेळ, ते मी बघितलं. मग त्याला चहा दिला, कपबशीत. मला वीस वर्षं स्टीलच्या ग्लासात मिळतो.
निर्णय: गणपतीपर्यंत बॉडी.

२५ जून, मंगळवार.
स्टेशनवरच्या मशीनवर वजन केलं. तिकीट आलं: ८४. मागे भविष्य: 'आपला स्वभाव मनमिळाऊ आहे.' भविष्य बरोबर. वजनाचं मशीन जुनं असावं.

२७ जून, गुरुवार.
जिम शोधली. आधी नवीन एसी हेल्थ क्लब. आत इंग्लिश गाणी, सगळ्यांच्या कपाळाला पट्ट्या. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, सर, ॲडमिशन मुलासाठी का? वातावरण पटलं नाही. एसीत घाम कसा येणार?
मग गल्लीतल्या गौस उस्तादांकडे. जुनी तालीम. अलीकडे बाहेर बोर्ड लावलाय, 'न्यू अमेरिकन हेल्थ सेंटर'. आत तीच लाल माती, तेच मुद्गल, एक तडकलेला आरसा. उस्ताद साठीचे, छाती कपाटासारखी. त्यांनी वय विचारलं. मी म्हणालो, चाळीस.
"हौ साब," ते म्हणाले, "हमारी भी चालीसइच है."
माणूस प्रेमळ वाटला.

२९ जून, शनिवार.
हात खांद्याच्या वर जात नाही. निशिगंधाने केस विंचरून दिले, भांग उलट्या बाजूला पडला. शर्टाची बटणं जयवंताने लावली. काय करायलात हे या वयात, असं विचारत होती. तिला समजावलं की मसल आधी तुटतात, मग मोठे होऊन जुळतात. ती म्हणाली, तुटले ते दिसतंय.

६ जुलै, शनिवार.
डाएट. रोज चार उकडलेली अंडी. घरी वास नको म्हणून ऑफिस सुटल्यावर इराणी हॉटेलात जातो. आज अंडी संपली होती. रिकाम्या पोटी बसणं मसलला वाईट, म्हणून दोन उस्मानिया बिस्किटं घेतली. बिस्किटात दूध, लोणी. दोन्ही प्रोटीनच. मग अजून दोन घेतली.
विवेक जिन्यात भेटला. मी दोन-दोन पायऱ्या चढत होतो. त्याने बाजूला होऊन विचारलं, काका, ठीक आहात ना? बोलायला श्वास नव्हता, म्हणून अंगठा दाखवला.

१५ जुलै, सोमवार.
आज जिममध्ये बेंचवरून उठताना डोळ्यांपुढे काजवे आले. खाली बसलो. उस्तादांनी पाणी दिलं, घरी सोडायला आले. मी जयवंताला सांगितलं की उस्ताद सहज आलेत, इकडून चालले होते. ती दारात उभी राहून त्यांच्याशी बोलत होती. मी आत आडवा.
नंतर तिने जिम नेमकी कुठे, किती वाजता उघडते, सगळं विचारलं. इंटरेस्ट घेऊ लागली आहे. तीन आठवड्यांत फरक!

१८ जुलै, गुरुवार.
आनंदाची बातमी. उस्तादांनी मला वेगळा बार दिला. कोपऱ्यात, पडद्यामागे. प्लेटा काळ्याभोर, ताज्या रंगाच्या, वर पांढऱ्या अक्षरात किलो लिहिलेले.
"ये आपका इस्पेशल है साब," म्हणाले. "और किसीके बार को हात नक्को लगाना."
पहिल्याच दिवशी वीस किलो उचलले. सहज! सोमवारी पंधरा किलोला काजवे आले होते, आज वीस फुलासारखे. शरीर एकदा सुरू झालं की थांबत नाही, असं निशिगंधाच्या एका मासिकात वाचलं होतं. ते बहुतेक त्वचेबद्दल होतं, पण तत्त्व तेच.

२ ऑगस्ट, शुक्रवार.
चाळीस किलो. दहा वेळा. शेवटच्या वेळी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने नाक खाजवलं. जिममधले बाकीचे लोक काम थांबवून बघतात. काही जण तोंडावर टॉवेल धरतात. आदर असतो, दाखवता येत नाही.
मी परभणीकडचा शेतकऱ्याचा मुलगा. आजोबा धान्याचं पोतं पाठीवर घ्यायचे. रक्तात आहे, फक्त फायलींखाली दबलं होतं.

१७ ऑगस्ट, शनिवार.
श्रावण लागला. अंडी बंद. जयवंताचे उपास, म्हणून घरात साबुदाणा. एनर्जी म्हणून मीही तिच्यासोबत खातो. तिचं जेवण तेवढंच, माझं जेवण वेगळं.
आज साठ किलो!! उस्तादांनी प्लेटा चढवल्या आणि तोंड फिरवून उभे राहिले. त्यांना भरून आलं असावं.
स्टेशनवर वजन: ८६. मसल चरबीपेक्षा जड असतं. पॅन्ट मांड्यांत बसेना, तो मसलच. कमरेतही बसत नाही, पण सुलतान बाजारातला तो कापडवालाच तसला, एका धुण्यात आटतं.
ऑफिसातले सहकारी यादगिरी गारू (गारू म्हणजे आपलं 'राव'), त्यांना दंड दाखवला. त्यांनी दोन बोटांनी दाबला आणि म्हणाले, सॉफ्ट है सर. त्यांना सांगितलं की विश्रांतीत असताना तसाच लागतो.

१ सप्टेंबर, रविवार.
मराठी मंडळाची मीटिंग, जामबागला. एकनाथराव अध्यक्ष, वय सत्तर, आवाज माइकशिवाय कोटीच्या चौकापर्यंत जाणारा. यंदा गणेशोत्सवात नवीन कार्यक्रम: चाळिशीवरील पुरुषांची वजन उचलण्याची स्पर्धा. एकही नाव येईना. मी उभा राहिलो. किती उचलाल? साठ, म्हणालो. मग टाळ्या. एकनाथरावांनी उठून पाठीवर थाप मारली. दुखली, पण चांगलं वाटलं.
घरी सांगितलं. जयवंता डाळ निवडत होती. हात थांबला. म्हणाली, नाव मागं घ्या.
मी विचारलं, का?
"घ्या म्हणते ना."
मी म्हणालो, पंचवीस लोकांसमोर दिलंय. मग ती म्हणाली, तुमचे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी गेले, विसरलात? मी म्हणालो, वडिलांनी कधी व्यायाम केला नव्हता. (शेतात पहाटेपासून राबायचे. ते वेगळं.)
ती उठून आत गेली. डाळ तशीच राहिली. मी थोडी निवडली. खडे कोणते ते चष्म्याशिवाय कळेना.

१५ सप्टेंबर, रविवार.
उस्तादही तेच म्हणतात. "मुकाबला नक्को साब. इधरीच अच्छा है. वहाँ का लोहा अलग रहता." मी म्हणालो, लोखंड ते लोखंड. त्यांनी दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी जिंकून एसी क्लबला जाईन अशी भीती असावी. त्यांना शब्द दिला की मी असा माणूस नाही. ते आणखीच परेशान दिसले.

२२ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९.
आज संध्याकाळी. मन शांत. रात्री स्वप्नात सत्तर उचलले.
विवेकला मुद्दाम बोलावलंय, कॅमेरा घेऊन. जयवंता दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते. सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाली, अजूनही नाही म्हणता येईल. मी हसलो. संध्याकाळनंतर तीच सगळ्यांना सांगत फिरेल.
नाश्ता: सहा इडल्या. हलका.

२४ सप्टेंबर, मंगळवार.
आडवा आहे. पेन्सिलने लिहितोय, पेन उलटं चालत नाही.
झालं ते असं. स्टेजवर गणपती, त्याच्यासमोर सतरंजी, सतरंजीवर बार. प्लेटा गंजक्या, रंग नाही. मला बघूनच कमीपणा वाटला. एकनाथरावांनी माइकवरून माझं नाव घेतलं, "आपल्या मंडळाचे पोलादी पुरुष" म्हणाले. मी बनियनवर. पहिल्या रांगेत निशिगंधा, विवेक, मंडळातल्या कुसुमताई आणि बाकीच्या सगळ्या बायका. जयवंता खुर्चीच्या टोकावर.
वाकलो, धरला, ओढला. बार हलला नाही.
वाटलं, सतरंजीला अडकलाय. एकनाथरावांना हळूच म्हणालो, याच्यात काहीतरी चूक आहे, हे साठ नाहीत.
ते माइकमध्येच म्हणाले, "साठच आहेत हो, सकाळी मोजलेत!"
दुसऱ्यांदा सगळा जीव लावून ओढला. बार तिथेच. कमरेत मात्र काहीतरी सुटलं, किंवा अडकलं. तसाच वाकलेला राहिलो. हात बारवर, डोकं गणपतीकडे. वर येता येईना, खाली बसता येईना.
लोकांना वाटलं, नमस्कार करतोय. मागच्या रांगेतून कोणीतरी "मंगलमूर्ती मोरया" म्हणालं. हॉल उठून उभा राहिला. दोनदा झाला मोरया. विवेकच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला. मला ओरडता येत नव्हतं, श्वास घेतला की कळ यायची.
मग जयवंता स्टेजवर आली. चप्पल न काढता. खाली बसून माझ्या तोंडाकडे बघितलं. विचारलं, "छातीत दुखतंय का? छातीत?"
मी म्हणालो, कमरेत.
तिने डोळे मिटले. क्षणभर तशीच बसली, पदर तोंडाला लावून. मग उठून म्हणाली, "विवेक, तू त्या बाजूने धर. हळू. वाकलेलेच राहू द्या त्यांना."
काटकोनात ऑटोत बसलो. डॉक्टर म्हणाले, उसण. तीन आठवडे.
मंडळाने उत्तेजनार्थ बक्षीस पाठवलंय. स्पर्धक एकच होता. पहिलं, दुसरं, तिसरं राखून ठेवलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार.
गौस उस्ताद भेटायला आले, मोसंबी घेऊन. पलंगाशेजारी खुर्चीवर बसले. बराच वेळ मोसंबीच बघत होते. मग जयवंताला म्हणाले, "भाभी, अब बोल देतूं मैं. रात को नींद नै आरी."
ती म्हणाली, बोला.
तो कोपऱ्यातला बार. प्लेटा लाकडाच्या. उस्ताद तेलुगू सिनेमावाल्यांना मारामारीच्या सीनसाठी पुरवतात. हिरो एका हाताने उचलून व्हिलनवर फेकतो, त्या. मला काजवे आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी जयवंता तालमीत गेली होती. म्हणाली होती, यांचे वडील असेच गेले, वजन देऊ नका, पण त्यांना सांगू नका, मनाला लावून घेतील.
मी छताकडे बघत विचारलं, साठ लिहिलं होतं, ते खरं किती?
"बार मिलाके?" उस्तादांनी हिशेब केला. "नौ किलो होंगा साब. बार आठ का है."
ते गेल्यावर जयवंताला विचारलं, तूच सांगायचंस ना मला.
ती मोसंबी सोलत होती. म्हणाली, सांगणारच होते. पण तुम्ही तिकडून आलात की खूश असायचात. ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर चिडचिड नाही, निशिगंधावर ओरडणं नाही. एकदा तर जिन्यात गुणगुणत आलात. मला वाटलं, राहू द्या लाकूड तर लाकूड.
मी म्हणालो, आणि विवेकचे दंड? बघत होतीस.
"कधी?"
सिलिंडर आणलं तेव्हा.
तिने आठवून बघितलं. म्हणाली, त्याच्या बाहीला शिवण उसवली होती. एकटा राहतो, कोण शिवून देणार, असा विचार करत होते.
मला रागवायचं होतं. पण हसायला आलं, आणि हसल्यावर कमरेतून अशी कळ गेली की डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, मला तुमचे दंड घेऊन काय करायचंय? आणि एक फोड माझ्या तोंडात घातली.

१४ ऑक्टोबर, सोमवार.
डॉक्टरांनी फक्त चालायला सांगितलंय. सकाळी सहाला युनिव्हर्सिटीच्या रस्त्याला गेलो, जयवंताबरोबर. झाडं भरपूर, हवा चांगली. ती वर्षभर मैत्रिणींबरोबर इथे तीन फेऱ्या मारते, हे मला आजच कळलं.
तिचा वेग जरा अनावश्यक आहे. अर्ध्यावर मी सिमेंटच्या बाकावर बसलो. ती म्हणाली, बसा, मी पुढून येते. आली तेव्हा श्वाससुद्धा वाढलेला नव्हता.
मी म्हणालो, थांबलो नव्हतो, बुटाची लेस सुटली होती.
तिने माझ्या पायांकडे बघितलं. मग मीही बघितलं. पायात चपला होत्या.
ती शेजारी बसली, माझा श्वास जागेवर येईपर्यंत.
आजचं चालणं: दोन फेऱ्या.
अर्धी.