बंद स्क्रीनवरचा पेपर

देवबाग, ता. मालवण
५ जुलै २००९

प्रिय निकेत,

हे पत्र पहिल्या अक्षरापासून मी स्वतः टाइप केलं आहे. आजवर माझ्याकडून तुला आलेलं प्रत्येक पत्र दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेलं होतं, आणि लिहून घेणारं माणूस शेजारी बसलं की आपली वाक्यं पाहुण्यांसमोर बसल्यासारखी सावरून बसतात. हे तसं नाही. प्रियांकाने आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फक्त छापून दिलं. कागद बाहेर आला तसा न वाचता घडी करून पाकिटात घातला, असं ती शपथेवर सांगते. तेव्हा यात ज्या चुका सापडतील त्या सगळ्या माझ्या, आणि त्या माझ्या आहेत याचंसुद्धा मला आज कौतुक वाटतंय.

एम.ए.चा निकाल बाबांनी तुला फोनवर सांगितला. पहिला वर्ग. तू "बरा झाला" इतकंच म्हणालास आणि कामाची गर्दी आहे म्हणून फोन ठेवलास, असं आये सांगत होती. गर्दी असणार, खोटं नाही. पावसात सगळ्या बोटी किनाऱ्यावर आणि सगळी इंजिनं तुमच्या रत्नागिरीच्या वर्कशॉपमध्ये उघडून पडलेली. पण जानेवारीत मी तुला सांगितलं की यंदा पेपर लिहायला येऊ नकोस, मी मशीनवर लिहिणार, तेव्हापासून तुझे फोन आखूड झाले आहेत. तेव्हा तू म्हणाला होतास, "माझा अक्षर लागना नाय तपासणाऱ्याक, असाच ना?" मी नाही म्हटलं, पण पुढे काही बोलले नाही. आज बोलते.

बी.ए.ची तीन वर्षं आणि एम.ए.चं पहिलं वर्ष तू माझा लेखनिक होतास. मी सांगायचं आणि तू लिहायचं. तुझा हात दुखतो असं तू एकदाही म्हणाला नाहीस. पण पेन खाली ठेवून बोटं मोडल्याचा आवाज मला यायचा, आणि मग पुढचं उत्तर मी आखूड करून टाकायचे. लिहून झालेल्या वाक्यात काहीतरी खुपत राहायचं, मागे जाऊन तो शब्द बदलावासा वाटायचा, तरी गप्प बसायचे. एकदा मला माझं स्वतःचं वाक्य मोडून पुन्हा बांधायचं होतं, तेही कुणाच्या हाताची दया न येता. लॅपटॉपचा विचार पहिल्यांदा आला तो इतक्याचसाठी.

विद्यापीठाची परवानगी मिळाली, पण अट घालून. वीज गेली किंवा मशीन बंद पडलं तर पेपर तिथेच संपला असं धरणार, जादा वेळ नाही. आता आपल्याकडचं भारनियमन तुला माहीत आहे. परीक्षेच्या वेळेत वीज जाणार हे मी धरूनच चालले होते. म्हणजे आम्हां न दिसणाऱ्यांना मिळतो तो वाढीव वेळ धरून चार तास, निव्वळ बॅटरीवर. प्रियांका म्हणाली, कंपन्या पाच तास सांगतात आणि अडीच तासांत राम म्हणतात. म्हणून आम्ही दोघी निवड करायला कोल्हापूरला गेलो.

पहिल्या दुकानदाराने सर्वांत मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप पुढे केला. चित्रं कशी झकास दिसतात ते तो मलाच सांगत होता, बिचाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं. मी त्यावर तळहात ठेवला, तर थोड्याच वेळात तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा तापला. आतला पंखा भुरभुरत होता. प्रियांका म्हणाली, "ही जी ऊब लागतेय ना तुला, ती तुझीच बॅटरी." मग नव्याने आलेला एक पिटुकला पाहिला. वजनाला हलका, बॅटरी भरपूर टिकणारी. मला वाटलं, हाच. पण प्रियांकाने पेनड्राइव्हवरून त्यात मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम घातला आणि मी 'समुद्र' टाइप केलं, तर माझी बोटं उचलून झाल्यावर आवाज आला, "समुद्र". प्रत्येक अक्षराला तसंच, मागून मागून. मला दिसत नाही, म्हणजे तो आवाज हीच माझी नजर. ती मागे राहिली तर चार तासांत वेड लागेल. तू इंजिनाबद्दल सांगतोस तसंच हे: ताकद कमी पडूनही चालणार नव्हतं आणि फुकट तेल पिऊनही चालणार नव्हतं.

तिसरा मिळाला तो एका कचेरीत वापरलेला, बारा इंची, कमी विजेवर चालणाऱ्या प्रोसेसरचा. पण बोटाबरोबर बोलणारा. बटणं खोल आणि ठसठशीत, दोन बटणांमधली फट बोटाला नीट लागणारी. बॅटरी नवी आणि मोठ्यातली बसवून देतो म्हणाला. सगळं पसंत पडल्यावर दुकानदार घसा खाकरून म्हणाला, "ताई, तुमच्यापासून लपवत नाही. याच्या स्क्रीनवर एक उभी रेघ आहे, आणि कडेला पिवळा डाग." आम्ही दोघी हसतच सुटलो. प्रियांकाने डोळे पुसत सांगितलं, "बांधून द्या."

घरी आणल्यावर आयेची गंमत झाली. मराठीचा आवाज मला धड मिळाला नाही, म्हणून हिंदी आवाजाकडून मराठी वाचून घेते. तो 'ळ' म्हणताना अडतो, आणि मालवणी लिहिलं तर त्याची पार दैना होते. आये बाजारातून मासे विकून आली, पाटी उतरवायच्या आधीच दारातून विचारते, "हो कोण गो घरात हिंदी बोलता?" मी सांगितलं. ती थोडा वेळ शेजारी बसून ऐकत राहिली, मग म्हणाली, "बाय, तेका जरा मालवणी शिकय. हयसर रवाचा तर बोलूक येवक व्हया." आता ती सकाळी जाताना मला सांगते तसं त्यालाही सांगून जाते.

पण पहिल्या सरावाला मशीनने दगा दिला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी घरीच पेपर घेऊन बसले. तिसऱ्या प्रश्नात, एका शब्दाच्या मध्यावर, आवाज तुटला. अडीच तासच झाले होते. मी रडले नाही, पण त्या दिवशी जेवलेही नाही. परीक्षा एप्रिलात, आणि तुला नको म्हणून बसलेले.

दुसऱ्या दिवशी प्रियांका आली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. स्क्रीन पूर्ण उजेडात चालू होती. मला कशी कळणार आणि तिच्या कशी लक्षात येणार, सगळ्यांच्या लॅपटॉपची चालूच असते. ती सर्वांत जास्त वीज खाते, आणि मला तिचा काडीचा उपयोग नाही. ती आधी कायमची बंद केली. मग वायरलेसची कळ खाली केली, सीडीचा ड्राइव्ह काढूनच टाकला, मशीन चालू होताना न बोलावता उठून बसणारे प्रोग्राम एकेक करून घालवले. प्रोसेसरचा वेग पार खाली बांधला, तर आवाज अडखळायला लागला, म्हणून एक पायरी वर घेतला. स्पीकरऐवजी कानात इयरफोन. तरीही मला काहीतरी खटकत होतं. मी काही करत नसताना आतली डिस्क मधूनच बारीक किर्र करायची. प्रियांकाला ते ऐकूच येईना. मी म्हटलं, अगं, आत कुणीतरी जागं आहे. शोधता शोधता सापडलं: फायलींची यादी करत बसणारी एक सोय मागे गुपचूप चालू होती. ती बंद केली, मेमरी वाढवून घेतली, आणि मशीन असं शांत झालं की चालू आहे की नाही ते बोट लावून पाहावं लागे. पुढच्या रविवारी सकाळी बसले ती दुपार उलटून वीज गेली आणि परत आली, तरी ते बोलतच होतं. त्या दिवशी मी दोनदा जेवले.

कणकवलीच्या केंद्रावर मला वेगळी खोली दिली होती. शेवटच्या पेपरला तासाभरात वीज गेली. पंखा थांबला आणि शेजारच्या वर्गातून एकच सुस्कारा आला. देखरेखीच्या बाई धावत माझ्याकडे आल्या, "अगं, तुझं बंद पडलं की! स्क्रीन काळी झाली." मी म्हटलं, "मॅडम, ती सकाळपासून काळीच आहे." त्या मागे खुर्चीत जाऊन बसल्याचं ऐकू आलं, मग हसल्याचं. पण थोड्या वेळाने भरारी पथक आलं. त्यातल्या साहेबांना काळ्या स्क्रीनपुढे भराभर टाइप करणारी बाई काही पटेना. "आत काय दडवलंय ते दाखवा." मला स्क्रीन चालू करावी लागली. त्यांनी उजेड पुरता वाढवायला लावला आणि वाचायला लागले. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले, आणि माझी बॅटरी वाहून चाललेली मला जवळजवळ ऐकू येत होती. साहेब पान पुढे नेणारं बटण टकटक दाबत होते. पहिल्या पानापासून चालू उत्तरापर्यंत त्यांनी सगळं वाचलं. मग विचारलं, "हे सगळं तुम्ही आत्ता इथे बसून लिहिलंत?" मी हो म्हटलं. "मग पुढचं लिहा," ते म्हणाले, आणि जाताना दार आवाज न करता लावून घेतलं. मी स्क्रीन बंद केली आणि लिहिलं. शेवटच्या उत्तरातला एक परिच्छेद मोडून पुन्हा बांधला. शेवटची घंटा झाली तेव्हा बॅटरी एक तृतीयांश शिल्लक होती.

निकालावर बाबा मला एक शब्द बोलले नाहीत, तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. पण आयेने बाजारात ऐकलं की ते किनाऱ्यावर जाळी शिवायला बसलेल्या सगळ्यांना सांगत होते, "माझ्या चेडवान वीज नसताना पेपर लिवल्यान." कुडाळच्या एका कॉलेजात मला याच महिन्यापासून तासिका तत्त्वावर शिकवायला बोलावलं आहे. विषय आपलाच, इतिहास. मुलं हाताखाली काय चाळे करतात ते मला दिसणार नाही, पण ऐकू येईल.

आता तुला कशासाठी लिहायला बसले ते सांगते. मशीनच्या परवानगीचा अर्ज द्यायला मी जानेवारीत कॉलेजच्या ऑफिसात परशुरामभाऊंकडे गेले होते. बी.ए.पासून आपले सगळे अर्ज तेच बघतात. अर्ज वाचून ते कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "कशाला हा खटाटोप करता? तुमचा भाऊ अजून बारावीच आहे ना? मग लेखनिक म्हणून चालतो की." मला काही उमजलं नाही. त्यांनी सांगितलं, लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला असावा लागतो. बरोबरीचासुद्धा चालत नाही. मी नियम पुन्हा सांगायला लावला, तसे परशुरामभाऊ मालवणीवर आले. "तुका म्हायती नाय? तुझो भाव इल्लो गो माझ्याकडे, तू पयल्या वर्साक होतंस तेवा. कॉलेजचो फॉर्म भरून घेवन. माका इचारल्यान, मी हयसर शिकाक लागलंय तर बहिणीचे पेपर लिवूक गावतले काय? मी म्हटलंय, नाय गावाचे. तेणा फॉर्म घडी करून खिशात घातल्यान नि गेलो."

निकेत, त्या वर्षी बारावी सायन्सला तू आपल्या वाडीत सगळ्यांत वर होतास. आणि आठवडाभराने घरात येऊन म्हणालास, "माका आता शिकाचा नाय. पुस्तक बघलंय की टकला दुखता." आये रडली. बाबा दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. मीही तुला आळशी म्हटलं होतं, आणि तू हसला होतास. त्यानंतर पाच वर्षं, सुट्टीला घरी आलास की, तू माझी जाडजाड पुस्तकं मला वाचून दाखवलीस, ज्याचं डोकं पुस्तक बघून दुखायचं त्याने. दरवर्षी रजा टाकून, मालकाची बोलणी खाऊन आलास. मी तुझी माफी मागत नाही, कारण तू काही मला विचारून केलं नव्हतंस. आभार मानले तर तू चिडशील. मला फक्त तुझा अभिमान वाटतो, इतका, की आता कुणी माझं अभिनंदन करायला आलं की मी तुझं नाव सांगते.

जानेवारीत मी तुला नको म्हटलं ते हे कळल्यावर म्हटलं. तेव्हाच सांगितलं असतं, तर तू हसून नाही म्हणाला असतास आणि एप्रिलात पेन घेऊन हजर झाला असतास. आधी माझं मशीन चार तास टिकायला हवं होतं. मालवणच्या तंत्रनिकेतनात यंत्र शाखेच्या डिप्लोमाचे प्रवेश चालू आहेत. वयाचं काही आड येत नाही, मी स्वतः विचारून आले. बाबांनाही सगळं सांगितलं आहे. हातातलं जाळं खाली ठेवून ते म्हणाले, "तेका येवक सांग." तेव्हा वर्कशॉपच्या मालकाला सांग आणि ये. डिप्लोमा कर, पुढे वाटलं तर इंजिनिअर हो. आता तू कितीही शिकलास तरी माझं काही अडत नाही.

तुझीच,
जान्हवीताई