मासा नजरेआड होईपर्यंत

७ मार्च, शुक्रवार

साक्षीदार झाले! कोर्टातली नाही – माशांची.

दादाच्या क्लबची स्पर्धा सोमवारपासून. समुद्रातले मासे पिसांच्या खोट्या माशीने पकडायचे, पाण्यातच पट्टीवर मोजायचे, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचे. आई म्हणाली, मग पकडायचेच कशाला? क्लबात जाऊन विचारून आले. म्हणाले, खेळ आहे.

प्रत्येक बोटीवर एक साक्षीदार हवा. मासा खरंच तेवढा होता, खरंच पोहत गेला, हे बघायला. कॉलेज संपल्यापासून मी घरात ‘काहीतरी लिहिते’. दादाच्या भाषेत – रिकामी. त्यानेच माझं नाव दिलं. म्हणाला, चल शहाणे, जरा ऊन खा.

८ मार्च

सेक्रेटरींनी नियम वाचून दाखवले. मासा गळाला लागला की साक्षीदाराचं तोंड बंद. तो सुटून नजरेआड होईपर्यंत शब्द नाही, खूण नाही. बोलला तर त्या टीमचा अख्खा दिवस बाद. कारण इथे प्रत्येक साक्षीदार कोणाचा तरी भाचा, मेव्हणा नाहीतर जाऊ आहे. वर बसून नुसतं ‘डावीकडे’ म्हटलं तरी काम होतं.

मी विचारलं, नजरेआड म्हणजे कोणाच्या? मला चष्मा आहे.

सगळे हसले. सेक्रेटरी नाही हसले.

चिठ्ठ्यांमध्ये मला दादाचीच बोट आली. दादा गाईड – मासे शोधायचे, बोट चालवायची, मासा हाताळायचा. गळ टाकणार ते दातांचे डॉक्टर, त्याचं जुनं गिऱ्हाईक. जिंकलेल्या टीमच्या गाईडला क्लबची नवी बोट मिळणार, म्हणजे कायमची नोकरी. दादा हे घरात बोलत नाही. वहिनी बोलते. शिलाई मशीन चालवता चालवता, मशीनच्या आवाजाच्या खालून.

१० मार्च, सोमवार

आजचा खेळ : विशेषणांशिवाय लिहायचं.

पाणी. वाळू. बोट. दादा मागच्या फळीवर उभा, हातात बांबू, बोट ढकलतोय. डॉक्टर पुढे. मी मध्ये पेटीवर. दादा म्हणाला, समोर. डॉक्टरांनी दोरी फेकली. माशी पडली. मासा आला, वळला, घेतली.

मग तो पळाला तो वाळूचा पट्टा संपतो तिथे – जिथे तळ दिसेनासा होतो. दादा उतरून इंजिनवर, मी त्याच्या फळीवर. इंजिन सुरू, माशाच्या मागे. मासा दमला, आम्ही गाठला. मोजला. डॉक्टर त्याच्याशी पेशंटसारखं बोलतात – झालं, झालं, थोडंसंच दुखेल. शेपटी धरून सोडला. गेला.

दोघांनी पाठ फिरवली. नियमाने माझंही काम संपलं होतं. पण मला बघत बसायची खोड. लांबवर पाण्यात एक राखाडी, जाडजूड, शांत, भयानक –

गेली विशेषणांची शपथ. शार्क होती. मासा वळलासुद्धा नाही, इतका दमला होता.

मी कार्डावर लिहिलं : पोहत गेला. खोटं कुठे आहे? गेलाच की.

११ मार्च

आज परत. दोनदा. दुसऱ्या वेळी जवळ.

जेट्टीवर ग्रीसला विचारलं. ग्रीस म्हणजे क्लबचा मेकॅनिक, दुसऱ्या बोटीवरचा साक्षीदार. याचा रुमालसुद्धा काळा. तो म्हणाला, आमच्याकडेही घेते. मग बोलला का नाहीस? म्हणाला, ताई, नजरेआड झाल्यावर घेते ना!

म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. सगळे फक्त वेळेवर पाठ फिरवतात.

तशीच सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, मासे सोडतो कसले, वाढून देतो आपण. बोटीवरून टाकण्याऐवजी गाईडने पाण्यात उतरावं. इंजिन बंद करावं. मासा प्रवाहाकडे तोंड करून हातात धरावा, त्याला दम खाऊ द्यावा. तो स्वतः हिसका देऊन निघेल तेव्हाच सोडावा. वाटलं होतं हाकलतील. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं.

१२ मार्च

वारा. बोटी बांधून. संध्याकाळी क्लबात माझा नियम पास झाला. टाळ्या! दादा शेजारच्याला कोपर मारून सांगत होता, बहीण आहे माझी, लेखिका आहे. ‘रिकामी’चं प्रमोशन झालं.

घरी वहिनी त्याच्या पाण्यातल्या विजारीला गुडघ्यावर ठिगळ लावत होती. म्हणाली, तुमच्या माशांना बरं वाटावं म्हणून आता हे दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात का? हसत म्हणाली. मी पण हसले.

१३ मार्च, गुरुवार

पहिला मासा फार छान गेला. दादा पाण्यात उभा, दोन्ही हातांत मासा, बाळाला न्हाऊ घालतात तसा. इंजिन बंद. इतकी शांतता की डॉक्टरांच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. माशाने हिसका दिला आणि सुटला. मागे कोणी नाही. मी वरून डोळे फाडून बघत होते – कोणी म्हणजे कोणी नाही. दादाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बोलता येत नव्हतं, म्हणून मी नुसते दात काढले.

दुसरा मासा. परत पाठलाग, परत इंजिन बंद, दादा पाण्यात. मासा अजून त्याच्या हातात होता.

ती आधीच आलेली होती.

पट्ट्याच्या काठावर, जिथे निळं सुरू होतं तिथे – इकडून तिकडे, तिकडून इकडे. मासा सुटला, उलट्या बाजूने गेला. ती त्याच्या मागे गेली नाही. दादा बोटीवर चढेपर्यंत तिथेच फिरत राहिली.

लिहिताना आत्ता कळतंय. इंजिन जोरात पळतं, मग एकदम थांबतं. म्हणजे ताट वाढलं. तिला माशाचा वास लागायची गरजच उरली नाही. तिने आमची शांतता पाठ केली आहे.

आणि त्या शांततेत दादाला उभं कोणी केलं?

१४ मार्च

आज एकच मासा, लहान. ती दिसली नाही. पाणी गढूळ होतं. दिसली नाही आणि नव्हती, यात फरक आहे.

संध्याकाळी दादाला सांगितलं. तो जाळी धुवत होता – मासा मोजायच्या आधी ज्यात घेतात ती, लांब दांड्याची. म्हणाला, लहानपणापासून त्यांच्यात पोहतोय, त्या माणसाला घाबरतात. म्हटलं, लहानपणी तुझ्या हातात मासा नव्हता. म्हणाला, उद्या शेवटचा दिवस, आपण दुसरे आहोत, एक मोठा मासा मिळाला की झालं. मग हळू आवाजात – शहाणे, नवी बोट आहे गं.

सेक्रेटरींकडे गेले. नियम मागे घ्या म्हटलं. ते म्हणाले, मंगळवारी तुम्हाला माशाची काळजी, शुक्रवारी भावाची. रविवारी कोणाची असेल? आणि दुसऱ्या नंबरच्या टीमसाठी शेवटच्या दिवशी नियम बदलला तर लोक काय म्हणतील, तेही तुमच्याच सांगण्यावरून? बरोबर होतं त्यांचं. हाच तर त्रास.

वहिनीला सांगितलं नाही. ती नवीन पडद्याचं माप घेत होती.

१५ मार्च, शनिवार

लिहूनच टाकते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

मासा उन्हं चढल्यावर लागला. स्पर्धेतला सगळ्यात मोठा. लागला तेव्हाच डॉक्टरांच्या तोंडून पेशंटसमोर न काढण्यासारखा शब्द गेला. बराच वेळ पळवलं त्याने, लांब काठापर्यंत. शेवटी जाळीत आला. पट्टीवर मोजला. मी वरून आकडा लिहिला – पहिला नंबर नक्की. आता फक्त तो पोहत नजरेआड व्हायला हवा होता.

दादाने इंजिन बंद केलं. पाण्यात उतरला. जाळी एका हातात, मासा अजून तिच्यातच. त्याला प्रवाहाकडे वळवलं. पाणी छातीला लागत होतं, गुरुवारपेक्षा खोल.

ती निळ्यातून निघाली.

या वेळी फिरली नाही. सरळ आली. मला वाटलं, वळेल. मी पेन्सिल दातात धरली. वाटलं, आता वळेल. बोलले तर बोट गेली, नोकरी गेली, वहिनीचे पडदे गेले – आणि ती तरी वळेना. उन्हात पाणी चमकलं, दिसेनाशी झाली, परत दिसली. दादा माशाशी बोलत होता. चल राजा, चल, घे दम.

“दादा, वर ये!”

दादाने सगळं सोडलं. जाळी, मासा, सगळं. एका झेपेत काठ धरून वर आला, गुडघा आपटला. डॉक्टर वळून म्हणाले, कुठे? कुठे? आम्ही तिघांनी पाण्यात बघितलं.

ऊन. नुसतं ऊन. जाळी नाही, मासा नाही, ती नाही.

दादा कितीतरी वेळ गुडघा धरून बसून होता. मग इंजिन सुरू केलं. बोट जेट्टीकडे वळवली.

सेक्रेटरींनी विचारलं, आणखी कोणी पाहिली? डॉक्टर म्हणाले, मी नाही. दादाला विचारलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “मला नाही दिसली.”

दिवस बाद.

१६ मार्च

वहिनीने पडद्याचं कापड घडी करून ठेवलं. चहा दिला. बोलली असती तर बरं होतं.

दादा घरात आहे आणि नाही. मी खोलीत आले की तो बाहेर जातो. वाद नाही, आदळआपट नाही. आई म्हणते, भावा-बहिणीचं काय, उद्या बोलाल. तिला काय माहीत, उद्या किती लांब असतो.

नवी बोट दुसऱ्याला मिळाली. इथून दिसते. पांढरी आहे.

१७ मार्च

चष्म्यावर मिठाचे डाग होते त्या दिवशी. आत्ता पुसताना सापडले. कडेला, डाव्या काचेवर, लांबट.

लांबट, करडा डाग.

गुरुवारी पण होते का? सोमवारी? मी लिहिते. मला काय, पाण्यात काहीही दिसतं. माशाच्या बाजूने गोष्ट लिहायला घेतली होती मागच्या आठवड्यात, फाडली. माशाला उपमा सुचत नाहीत. मला फार सुचतात.

उद्या दादाची माफी मागायची. चुकले म्हणायचं. दिसली नव्हती म्हणायचं.

१८ मार्च, मंगळवार

उठले तर दादा दारात चप्पल घालत होता. मी म्हटलं, दादा, माझं चुकलं. तो हसला! तीन दिवसांनी हसला. म्हणाला, जाऊ दे गं. डॉक्टर स्पर्धेनंतरही इथेच राहिलेत. त्यांना तोच मासा परत हवाय, त्याच जागी. तुझी पाण्यात उभं राहून सोडायची पद्धत फार आवडली त्यांना, तसंच सोडायचं म्हणतात. मी येऊ का म्हटलं. टपली मारली डोक्यात – “खासगी फेरी आहे शहाणे, साक्षीदार लागत नाही.”

इतकं हलकं वाटलं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आत्ता ग्रीस येऊन गेला. खडकात अडकलेली दादाची जाळी सापडली म्हणून द्यायला. कडी एका बाजूने चेपलेली. अर्धी जाळी नाहीच – कात्रीने कापावी तशी, गोल. दांड्यावर, जिथे दादाचा हात असतो त्याच्या जरा वर, ओळीने खड्डे. वहिनीने शिवायची म्हणून हातात घेतली. मग मशीनवर ठेवून दिली.

दादाचा फोन लावला. आतल्या खोलीत वाजला. पाण्यात भिजतो म्हणून तो नेतच नाही.

ग्रीस दुसरी बोट काढायला पळाला आहे. आम्ही दोघी खिडकीत. वारा पडलाय, दादाच्या इंजिनाचा आवाज इथवर येतोय. जोरात. कशाच्या तरी मागे.

थांबला.